‘वखार’ की ‘गोदाम’? : परदेशी साठ्याच्या विचारातील एक अर्थसंकोच

परदेशस्थ ग्राहकांस ऑनलाइन माल विकणाऱ्या व्यापाऱ्याने आपला साठा कोणत्या देशी व कोणत्या शहरी ठेवावा, या प्रश्नाचे मराठीतील विवेचन बहुधा ‘गोदाम’ या शब्दाभोवती फिरते. त्यात भाडे, अंतर, जहाजाचा खर्च आणि माल घरपोच होण्यास लागणारे दिवस यांचा हिशेब असतो. तो चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. आणि या अपुरेपणास शब्दाची निवडही काही अंशी कारण आहे असे म्हणावे लागते. ‘गोदाम’ म्हणजे माल ठेवण्याची जागा. परमुलखात, परक्या सत्तेखाली मांडलेले व्यापाऱ्याचे ठाणे असा अर्थ मराठीत ज्या शब्दास होता, तो शब्द ‘वखार’.

हा अर्थ किती व्यापक होता, हे राजापूरच्या उदाहरणावरून कळते. पन्हाळ्याच्या वेढ्यात १६६० साली तेथील वखारीच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरास तोफगोळ्यांचे साहाय्य केले आणि १६६१ साली शिवाजी महाराजांनी ती वखार लुटली. कोठारात केवळ कापड आणि मिरी असती, तर हा प्रसंग उद्भवला नसता. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, या अनुभवाचे शास्त्र झालेले दिसते. टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे त्यांची राज्ये उभी आहेत, हे ध्यानी घेऊन ग्रंथकार वखारीच्या जागेचा विचार करतो : समुद्रकिनारी वा खाडीवर जागा देऊ नये, द्यावी ती काही कोस आत, आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. स्थाननिवडीवरील मराठीतील हे विवेचन आजही वाचनीय आहे. मात्र त्याचीही एक मर्यादा आहे. टोपीकरांच्या बाबतीत ग्रंथकार सर्वस्वी राज्यकर्त्याच्या जागी उभा आहे. तीच जागा व्यापाऱ्यास किफायतशीर पडेल की नाही, हा प्रश्न त्याच्यापुढे येतच नाही. आजच्या लेखनात नेमका उलटा दोष आहे. त्यात व्यापाऱ्याचा खर्च दिसतो, सत्ता दिसत नाही.

वाशीम जिल्ह्यापुरते पाहता कारंजाचे उदाहरण बोधक ठरते. सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर १६७० मध्येच मराठ्यांच्या फौजा कारंजावर आल्या, यावरून त्या पेठेची संपन्नता कळते. पुढे मुंबई-नागपूर लोहमार्ग उत्तरेकडून गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी कारंजावरून धावू लागली. तिच्यावर लादलेला कापूस मूर्तिजापुरास दुसऱ्या गाडीत चढवून मुंबईस न्यावा लागे. या सर्व व्यवहारात कापूस परदेशी गेला, परंतु कारंजाच्या विक्रेत्यास मँचेस्टरात साठा ठेवावा लागला नाही. माल कोठे साठवायचा हे खरेदीदार आणि निर्यात करणाऱ्या पेढ्या ठरवीत, व न खपलेल्या मालाचा भारही त्यांच्यावर असे.

ऑनलाइन किरकोळ विक्रीत हा क्रम उलटतो. रिसोडकडील हळदीची पाकिटे परदेशी साठविणारा विक्रेता ग्राहक मिळण्यापूर्वीच माल परमुलखात नेऊन ठेवतो. तो न खपल्यास भाडे त्याचे, मुदत टळल्यास नुकसान त्याचे. दुबईच्या जबल अली मुक्तक्षेत्रात, जेथे भारतीय मालासाठी ‘भारत मार्ट’ची पायाभरणी २०२४ च्या फेब्रुवारीत झाली, माल स्थानिक बाजारात जाईपर्यंत आयात-शुल्क पडत नाही. युरोपीय संघाच्या एखाद्या देशात साठा ठेवला, की त्या देशाच्या मूल्यवर्धित कराची नोंदणी विक्रेत्याच्या गळ्यात पडते. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी २०२५ च्या ऑगस्टअखेर सर्व देशांसाठी बंद केली, तेव्हा एका आज्ञेने भारतातून एकेक पार्सल धाडणे आणि तेथे साठा ठेवणे यांतील जुनी तुलनाच बदलली. यांपैकी एकही गोष्ट कोसांत अथवा दिवसांत मोजता येत नाही. टोपीकरांच्या जागी आता वाशीमचा व्यापारी आहे. फरक इतकाच, की त्याच्यामागे आरमार नाही. अशा विक्रेत्यास काही काळ तरी परदेशी साठा मुळीच न करता डाकघर निर्यात केंद्रातून माल धाडणे अधिक हिताचे ठरू शकेल. स्थाननिवडीच्या चर्चेत हा पर्याय क्वचितच येतो, कारण चर्चा ‘कोठे’ या प्रश्नापासून सुरू होते.

‘वखार’ हा शब्द आज पुष्कळांस लाकडाच्या व्यापारापुरता ठाऊक आहे. शासकीय मराठीने मात्र १९५७ साली स्थापन झालेल्या राज्य वखार महामंडळाच्या नावात तो राखला, आणि तेथे त्यास एक नवा अर्थही लाभला : माल ठेवणाऱ्यास पावती मिळते, व ती तारण ठेवून कर्ज काढता येते. परदेशी साठ्याच्या करारात विक्रेत्याच्या हाती असे काही पडते काय, आणि साठवणदाराचे दिवाळे निघाल्यास त्या मालावर पहिला हक्क कोणत्या देशाच्या न्यायालयात सांगावयाचा, हे प्रश्न ‘गोदाम’ म्हणणाऱ्या लेखनात अद्याप उपस्थित झालेले दिसत नाहीत.