‘स्वतंत्र’ शाळाक्षेत्र आणि ‘कार्यक्षम’ व्यवस्था : रॉड्रिग्झ निकालपत्राचे शब्दपरीक्षण

अमेरिकेतील शिक्षणव्यवस्थेविषयी मराठीत लिहिताना ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ या संज्ञेसाठी ‘जिल्हा’ हा शब्द लेखणीतून सहज उतरतो आणि तेथेच अर्थाची पहिली फसगत होते. महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात ‘जिल्हा’ म्हटले की कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद आणि शासनाकडून येणारे अनुदान यांचे चित्र उभे राहते. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याखालील जिल्हा शाळा मंडळे घेतली काय, किंवा १९६२ पासून त्यांचे काम हाती घेणाऱ्या जिल्हा परिषदा घेतल्या काय, शिक्षकांच्या वेतनाचा मुख्य भार राज्याच्या तिजोरीवरच राहिला आहे. टेक्सस राज्यातील ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ ही याहून निराळी संस्था होय. ती आपल्या हद्दीतील घरे, जमिनी व कारखाने यांवर स्वतः कर बसविते; निवडून आलेल्या विश्वस्तांमार्फत आपला कारभार पाहते; आणि नगरपालिका व काउंटी यांच्या शासनापासून अलग असते. या अलगपणाचा निर्देश तिच्या अधिकृत नावातील ‘इंडिपेंडंट’ या विशेषणाने होतो. एका शहराच्या परिसरात अशा अनेक संस्था शेजारीशेजारी नांदत असतात. म्हणून प्रस्तुत लेखात ‘शाळाक्षेत्र’ हा शब्द योजिला आहे.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च १९७३ रोजी ‘सॅन अँटोनिओ स्वतंत्र शाळाक्षेत्र विरुद्ध रॉड्रिग्झ’ या खटल्यात जो निकाल दिला, तो अशाच दोन-तीन शब्दांच्या आधारावर उभा आहे. त्या शब्दांचा भार त्यांना पेलतो किंवा नाही, हे पाहणे हा या परीक्षणाचा हेतू आहे.

प्रथम वस्तुस्थिती. सॅन अँटोनिओच्या महानगरी परिसरात त्या वेळी सात शाळाक्षेत्रे प्रतिवादी म्हणून दाव्यात गोवली गेली होती. त्यांपैकी दोहोंची तुलना निकालपत्रात विस्ताराने आली आहे. एजवूड हे शहराच्या मध्यभागी वसलेले, कारखानदारी जवळजवळ नसलेले क्षेत्र. तेथे सुमारे २२,००० मुले २५ शाळांतून शिकत. त्यांपैकी सुमारे ९० टक्के मेक्सिकन-अमेरिकन होती. अलामो हाइट्स हे सधन वस्तीचे क्षेत्र. सहा शाळा आणि सुमारे ५,००० मुले. १९६७-६८ या वर्षी करपात्र मालमत्तेचे सरासरी मूल्य एजवूडमध्ये दर विद्यार्थ्यामागे ५,९६० डॉलर पडत होते आणि अलामो हाइट्समध्ये ४९,००० डॉलरांहून अधिक. एजवूडचा रहिवासी दर शंभर डॉलरांस १.०५ डॉलर कर भरत होता आणि हा दर त्या परिसरात सर्वांत चढा होता. अलामो हाइट्सचा दर ०.८५ डॉलर होता. राज्याच्या पायाभूत योजनेसाठी ठरवून दिलेला वाटा वजा जाता एजवूडच्या पदरात या करातून दर विद्यार्थ्यामागे २६ डॉलर पडले. अलामो हाइट्सच्या पदरात ३३३. राज्य व केंद्र यांचे साहाय्य मिळविल्यावरही एकूण रक्कम एजवूडमध्ये ३५६ डॉलर आणि अलामो हाइट्समध्ये ५९४ डॉलर इतकी भरते. या बेरजेतील एक बारकावा विसरता येत नाही : ज्या पायाभूत योजनेचा उद्देश विषमता कमी करणे हा सांगितला जात होता, तिच्यातून गरीब एजवूडला २२२ डॉलर मिळाले आणि श्रीमंत अलामो हाइट्सला २२५.

या आकड्यांमागे माणसे होती. १६ मे १९६८ रोजी एजवूड हायस्कूलचे विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले आणि त्यांनी मोडकळीस आलेल्या इमारती व अप्रशिक्षित शिक्षक यांविरुद्ध आवाज उठविला. त्याच उन्हाळ्यात डेमेट्रिओ रॉड्रिग्झ आणि अन्य पालकांनी दावा दाखल केला. रॉड्रिग्झ हे केली विमानतळावर पत्र्याचे काम करणारे कारागीर होते. १९७१ च्या डिसेंबरात तीन न्यायाधीशांच्या न्यायपीठाने पालकांच्या बाजूने निर्णय दिला. (ज्या शाळाक्षेत्राचे नाव खटल्यास चिकटून राहिले, त्या सॅन अँटोनिओ क्षेत्राने दाव्यातून वगळले गेल्यावर पालकांचीच बाजू उचलून धरली. खटल्यांची नावेही कधी कधी अर्थाच्या उलट दिशेने चालतात.) सर्वोच्च न्यायालयात मात्र हा निर्णय पाच विरुद्ध चार मतांनी फिरविण्यात आला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती लुइस पॉवेल यांनी लिहिले.

शिक्षण हा संविधानाने स्पष्टपणे वा ध्वनितार्थाने दिलेला मूलभूत हक्क नव्हे आणि गरीब क्षेत्रात राहणारे लोक हा विशेष संरक्षणास पात्र असा वर्ग ठरत नाही, हे निकालपत्राचे पहिले दोन खांब. ते कायदेपंडितांनी पुष्कळ तपासलेले आहेत. येथे त्यांत शिरण्याचे प्रयोजन नाही. भाषेच्या अभ्यासकास अधिक महत्त्वाचा वाटतो तो तिसरा खांब, म्हणजे ‘स्थानिक नियंत्रण’ हा शब्दप्रयोग. करव्यवस्था विषम असली तरी तिच्यामागे एक सयुक्तिक उद्देश आहे आणि तो उद्देश स्थानिक नियंत्रणाचा, असे पॉवेल यांचे म्हणणे आहे. हा शब्दप्रयोग निकालपत्रात दोन अर्थांनी वावरतो. आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी किती पैसा उभा करावयाचा हे ठरविण्याची मोकळीक, हा एक अर्थ. उभा केलेला पैसा कसा खर्च करावयाचा हे ठरविण्यात लोकांचा सहभाग, हा दुसरा. हे दोन्ही अर्थ एकमेकांस लागून आले म्हणजे एकाचे बळ दुसऱ्यास मिळते आणि वाचकाच्या लक्षातही येत नाही. परंतु खर्चावर स्थानिक नियंत्रण ठेवण्यासाठी उत्पन्न स्थानिक मालमत्तेवरच अवलंबून असले पाहिजे, ही गोष्ट कोठेही सिद्ध केलेली नाही. राज्याने समान पैसा द्यावा आणि विश्वस्तांनी तो आपापल्या मतीने खर्चावा, या व्यवस्थेत दुसरा अर्थ पूर्ण शाबूत राहतो. उलट पाठ्यपुस्तके, अभ्यासक्रम, शिक्षकांची पात्रता अशा गोष्टी टेक्ससचे राज्यशासन आधीच ठरवून देत होते, हे न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी आपल्या भिन्नमतपत्रात दाखवून दिले आहे.

आता पहिला अर्थ घ्यावा. न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी या ठिकाणी वादपटुत्वाऐवजी साधे गणित मांडले आणि बहुमताच्या संपूर्ण रचनेस सर्वांत मोठा तडा याच गणिताने जातो. त्या काउंटीतील सर्वाधिक उत्पन्नाच्या क्षेत्राची बरोबरी करावयाची तर अलामो हाइट्सला दर शंभर डॉलरांस ०.६८ डॉलर कर पुरेसा होता, एजवूडला ५.७६ डॉलर कर बसवावा लागला असता. आणि टेक्ससच्या कायद्याने शाळांच्या देखभालीसाठीच्या करावर १.५० डॉलरांची कमाल मर्यादा घातली होती. म्हणजे एजवूडच्या मतदारांनी पोटाला चिमटा घेऊन शेजाऱ्याइतका खर्च करावयाचे ठरविले असते, तरी तो निर्णय बेकायदेशीर ठरला असता. ज्या क्रियेस कर्ता आहे पण करण्याची शक्यता नाही, तिला ‘मोकळीक’ हे नाम देणे म्हणजे निव्वळ शब्दनिर्मिती होय. ‘स्वतंत्र’ या विशेषणाचाही एजवूडपुरता उरलेला अर्थ एवढाच : आपल्या दारिद्र्याचा भार इतर कोणावर न टाकता स्वतः वाहण्यास मोकळे.

विद्यार्थ्यांच्या प्रगतीविषयी निकालपत्राची भूमिका संशयवादी आहे. खर्च आणि शिक्षणाचा दर्जा यांच्यातील संबंधाबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही, असे पॉवेल म्हणतात. १९६६ च्या कोलमन अहवालाने घरच्या परिस्थितीचा प्रभाव शाळेच्या साधनांहून मोठा दाखविल्यानंतर हा वाद खरोखरीच पेटलेला होता. तो न्यायमूर्तींनी कल्पिला असे म्हणता येणार नाही. तथापि ‘दर्जा’ म्हणजे काय हे न सांगताच दर्जाचा पुरावा अपुरा ठरविणे ही तर्कदृष्ट्या सोयीची वाट आहे. १९६८-६९ मध्ये अलामो हाइट्सचे सर्व शिक्षक पदवीधर होते, एजवूडचे ८०.०२ टक्के, तात्पुरत्या परवान्यावर शिकविणाऱ्यांचे प्रमाण अलामो हाइट्समध्ये ११ टक्के, एजवूडमध्ये सुमारे ४७ टक्के. मार्शल यांनी येथे एक मार्मिक प्रश्न केला आहे. पैशाने काही फरक पडत नसेल, तर देशातील काही अतिसधन शाळाक्षेत्रे, कोणतेही कायदेशीर बंधन नसता, ही व्यवस्था टिकावी म्हणून न्यायालयात एवढ्या हिरीरीने का उतरली? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर बहुमताच्या पानांत सापडत नाही.

याहून खोल असे एक मौन आहे. मतदान आणि भाषण या हक्कांचा उपभोग घेण्यास लागणारी किमान कौशल्ये टेक्ससची व्यवस्था देत नाही असे दिसत नाही, असा युक्तिवाद निकालपत्रात आहे. भाषणाचा हक्क! एजवूडची बहुसंख्य मुले स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतून येत होती. इंग्रजीशिवाय अन्य भाषेतून शिकविण्यास मनाई करणारा टेक्ससचा १९१८ चा कायदा १९६९ पर्यंत अमलात होता; नैर्ऋत्येकडील राज्यांत शाळेच्या आवारात स्पॅनिश बोलण्यावर घातलेल्या बंदीची नोंद केंद्रीय नागरी हक्क आयोगाने १९७२ च्या अहवालात केली होती. द्वैभाषिक शिक्षणाचा केंद्रीय कायदा १९६८ मध्ये झाला आणि तो पुढे रेटणारे राल्फ यारबरो हे टेक्ससचेच सिनेटर होते. म्हणजे हा प्रश्न तेव्हा अज्ञात नव्हता. तरीही किमान कौशल्य मोजताना ते कोणत्या भाषेतील आणि मुलाच्या मुखी असलेल्या भाषेचे काय, हा विचार बहुमताच्या युक्तिवादास शिवत नाही. पहिलीतील मुलाला जी भाषा येते तीच वर्ज्य ठरवून नंतर त्याच्या भाषणक्षमतेची हमी देणे, यातील विसंगती भाषाशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासही जाणवेल.

पॉवेल यांना न्याय द्यावयाचा तर हेही सांगितले पाहिजे की, जवळजवळ प्रत्येक राज्याची शालेय करव्यवस्था एका निकालाने उलथून टाकण्याचा संकोच हा क्षुद्र संकोच नव्हे. ते १९५२ ते १९६१ या काळात रिचमंडच्या शाळा मंडळाचे अध्यक्ष होते. शाळाक्षेत्राचा कारभार त्यांना आतून ठाऊक होता. मात्र तो अनुभव अध्यक्षाच्या खुर्चीतून घेतलेला होता आणि ‘स्थानिक नियंत्रण’ हा शब्द त्या खुर्चीतून जितका भरीव दिसतो, तितका एजवूडच्या वर्गातून दिसत नाही. सुधारणा विधिमंडळांकडून आणि त्यांना निवडून देणाऱ्या जनतेकडून यावी, असे म्हणून निकालपत्राने विषय मिटविला.

ती सुधारणा आली नाही. आला तो दुसरा खटला, या वेळी राज्याच्याच न्यायालयांत. एजवूड व अन्य क्षेत्रांनी १९८४ मध्ये लावलेल्या दाव्यात ‘एजवूड विरुद्ध कर्बी’ या नावाने टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने २ ऑक्टोबर १९८९ रोजी एकमताने निर्णय दिला. त्या वेळी एजवूडमध्ये दर विद्यार्थ्यामागे मालमत्ता ३८,८५४ डॉलर होती, तर त्याच काउंटीतील अलामो हाइट्समध्ये ५,७०,१०९. राज्यातील सर्वांत श्रीमंत व सर्वांत गरीब क्षेत्रांतील प्रमाण ७०० ला १. या खेपेस सारा वाद ‘एफिशंट’ या एका विशेषणावर आला. टेक्ससच्या १८७६ च्या संविधानाने विधिमंडळावर ‘एफिशंट’ अशा मोफत सार्वजनिक शाळांच्या व्यवस्थेचे कर्तव्य टाकलेले आहे. या शब्दाचा अर्थ ‘स्वस्त’ किंवा ‘काटकसरीचा’ असा होत नाही. थोड्या अपव्ययात फळ देणारे ते ‘एफिशंट’, असा निर्वाळा न्यायालयाने शब्दकोशांचा आधार घेऊन दिला. मराठीतील ‘कार्यक्षम’ या शब्दात हा अर्थ जात्याच आहे, कारण त्यात ‘कार्य’ हे पद आधी येते. कचेरीच्या व्यवहारात मात्र तो शब्दही हळूहळू ‘कमी खर्चाचा’ या अर्थाकडे घसरत चालला आहे, ही बाब आपल्याकडील परिपत्रके वाचणाऱ्याने लक्षात घ्यावी.

कर्बी निकाल वाचून हर्षभरित होण्याचे मात्र कारण नाही. विधिमंडळाने केलेले कायदे १९९१ व १९९२ मध्ये पुन्हा अवैध ठरले. श्रीमंत क्षेत्रांच्या उत्पन्नाचा अंश गरीब क्षेत्रांकडे वळविणारा १९९३ चा कायदा १९९५ मध्ये टिकला. २०१६ च्या मे महिन्यात त्याच न्यायालयाने व्यवस्थेत दोष मोठे असले तरी ती संविधानाच्या किमान कसोटीस उतरते असे ठरविले. आणि त्याच वर्षी, अंतर्गत दुफळीने ठप्प झालेले एजवूडचे निवडून आलेले विश्वस्त मंडळ बाजूस सारून राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी तेथे नामनियुक्त व्यवस्थापक बसविले. कारभार पुढे निर्वाचित विश्वस्तांकडे परत गेला. परंतु व्यवस्थापकांच्या त्या कालखंडातही क्षेत्राचे अधिकृत नाव ‘एजवूड स्वतंत्र शाळाक्षेत्र’ हेच होते.