अमर शेख : नाव आपले, विचार परका?

मुस्लिम मराठी साहित्याची परंपरा सांगताना आपण शेख महंमदांपासून निघतो, शाहीर सगनभाऊंना सलाम करतो आणि अमर शेखांपाशी येऊन अभिमानाने थांबतो. त्यांच्या हातातला लाल बावटा मात्र आपल्या लेखांतून हळूच गळून पडतो. कम्युनिस्ट म्हणजे नास्तिक, मग ती बाजू कशाला काढा, असा संकोच त्यामागे आहे. डावे समीक्षक उलटे करतात. त्यांना पक्षाचा शाहीर हवा असतो. बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल त्यांना आठवत नाही.

'मार्क्सवाद-लेनिनवाद' हा जोडशब्द लेनिनच्या १९२४ मधील मृत्यूनंतर, स्तालिनच्या काळात रूढ झाला आणि सत्ताधारी पक्षाची पोथी बनला. त्याच राजवटीने मध्य आशियातल्या मशिदींना टाळी लावली, हे विसरा असे मी म्हणणार नाही. पण खुद्द लेनिनने १९०५ साली धर्मावर लिहिताना, निरीश्वरवाद न सोडताही, श्रद्धावान कामगाराला पक्षाचे दार बंद करू नये अशीच भूमिका घेतली होती. सोलापूरच्या विडी कामगार बायकांना हे कुणी वाचून दाखवले नसेल. लाल झेंड्याखाली लढून त्यांनी कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत मिळवली. २००६ साली ती घरे त्यांच्या हाती आली. या कामगारांत मुस्लिम बायाही आहेत. मोर्च्याला गेल्यामुळे कुणी नमाज सोडल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही!

अमर शेखांकडेही हा विचार गिरणीतून आला. ते बार्शीच्या गिरणीत कामगार होते. संपात उतरले, तुरुंगात गेले. कामगाराची जाणीव पगारवाढीपाशी अडते, ती राजकारणापर्यंत न्यावी लागते, हा लेनिनचा मुद्दा. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकाने ते काम डफावर केले. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्यासाठी तोच ग्रंथ होता.

कवितेचा हिशेब मात्र चोख हवा. 'कलश', 'धरतीमाता' वाचताना जिथे पक्षाचा ठराव बोलतो तिथे ओळ कोरडी पडते. जिथे आईच्या तोंडच्या ओव्यांची लय येते, तिथे तोच विचार मातीचा होतो. १९६२ साली चीनने आक्रमण केले तेव्हा त्यांचा पक्ष आतून दुभंगत होता. अमर शेख मात्र देशरक्षणाची गाणी गात फिरले. त्या गाण्यांत मला पोथी दिसत नाही, आणि बावटाही खाली ठेवलेला दिसत नाही.