आवाज गाभाऱ्यात, गायक दाराबाहेर : प्रल्हाद शिंदे यांचं गाणं



आजचा विषय 'लोकप्रिय गायक' असा जाहीर झाला तेव्हा एका तरुण मित्रानं मला विचारलं, "सर, मायकल जॅक्सनवर बोलणार का?" (हशा) हसू नका, प्रश्न बरोबर आहे. पॉप हा शब्द पॉप्युलरवरूनच आला. मग आपल्याकडे पॉप्युलर कोण? ज्याचं गाणं मानोऱ्याहून दिग्रसला निघालेल्या काळी-पिवळीत वाजतं, लग्नाच्या मांडवात वाजतं, गणपतीत आणि आषाढीला वाजतं, आणि 'हे कोण गातंय' असं कुणी विचारत नाही, तो. म्हणून मी आज प्रल्हाद शिंदेंवर बोलणार आहे.

जन्म १९३३चा. घराणं मंगळवेढ्याचं. गाणं आई-वडिलांकडून आलेलं. गायनशाळा नाही, गंडाबंधन नाही. भजन गायले, कव्वाली गायले, भीमगीतं गायले, विठ्ठलाची आणि गणपतीची गाणी गायले. २३ जून २००४ रोजी गेले. त्याच्या महिनाभर आधी, १५ मे रोजी वामनदादा कर्डक गेले होते. मुलगा आनंद शिंदे कॅसेटच्या जमान्यात 'नवीन पोपट हा' या गाण्यानं घराघरात पोचला. नातू आदर्श शिंदे आज सिनेमात गातो. तीन पिढ्या लोकांच्या ओठावर राहणं सोपं नसतं.

आता त्यांच्या गळ्याकडे बघू. कारण नेमकं तिकडेच आपण बघितलेलं नाही.

भावगीताचा गायक माईकच्या जवळ जातो, कानाशी बोलल्यासारखा गातो. शिंदेंचा आवाज मोकळ्या मैदानात घडलेला. रात्रीच्या कार्यक्रमात शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत शब्द गेला पाहिजे, ही त्याची पहिली अट. म्हणून पट्टी वरची, गळा मोकळा, आणि शब्दाचा शेवट कधी गिळलेला नाही. दुसरी सवय कव्वालीची. ते ओळ संपवून थांबत नाहीत, वर उचलून कोरसच्या हाती देतात. ऐकणारा त्या कोरसमध्ये कधी सामील झाला, हे त्यालाही कळत नाही. त्यांची गाणी लोकांना पाठ असण्याचं एक कारण हे आहे.

'पाऊले चालती पंढरीची वाट' घ्या. शब्द दत्तात्रय पाटलांचे, संगीत मधुकर पाठकांचं. हे गाणं आपण भक्तिगीत म्हणून ऐकतो. पण त्यातला माणूस नीट बघा. तो दारिद्र्यानं गांजलेला आहे, त्याचं भाकरीचं ताट रिकामं आहे, आणि म्हणून त्याची पावलं पंढरीकडे वळताहेत. हे एखाद्या गोड गळ्यानं गायलं असतं तर नुसती भक्ती उरली असती. शिंदेंच्या आवाजात ती भूक ऐकू येते. हे गाणं टिकलं ते त्यामुळे, असं माझं मत आहे.

दोषही सांगतो, नाहीतर ही आरती होईल. कॅसेट आली, स्वस्त झाली, मागणी वाढली. मग एकाच साच्यातली गाणीही पुष्कळ निघाली. तीच ढोलकी, तसाच कोरस. कथा सांगणाऱ्या गाण्यांत तर त्यांचा आवाज नुसत्या निवेदनाला जुंपलेला वाटतो. हळू गाणं, थांबणं, आवाज दबका करणं, याला त्या साच्यात फारशी जागाच नव्हती.

पण हे दोषसुद्धा कुणी सांगितले नाहीत. 'लोकगायक' म्हटलं की आपलं काम संपलं. ज्याला आपण गायक मानतो, त्याच्या चुका काढतो. ज्याला मानत नाही, त्याचं फक्त कौतुक करतो.

आता अवघड प्रश्न. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, तेव्हा शिंदे तेवीस वर्षांचे होते. बाबासाहेबांची गाणी गाणारा हा बौद्ध गायक विठ्ठलाची गाणी कशी गातो? एक उत्तर असतं, 'पोटासाठी'. दुसरं असतं, 'कलेला जात नसते'. मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्या उत्तरात तो खोटा ठरतो. दुसरं तर फार सोयीचं आहे.

मंगळवेढा हे चोखोबांचं गाव. तिथं गावकुसाचं बांधकाम करताना ते कोसळून १३३८मध्ये चोखोबा गेले. त्यांची समाधी पंढरपुरात आहे, पण देवळाच्या दाराबाहेर. ते दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावं लागलं. त्याच मंगळवेढ्याच्या घराण्यातला आवाज पुढे गावोगावच्या देवळांत पहाटे वाजू लागला.

माझ्या लहानपणचं सांगतो, गावाचं नाव घेत नाही. देवळाच्या भोंग्यावर रोज सकाळी शिंदे वाजायचे. १४ एप्रिलला वस्तीतल्या भोंग्यावर भीमगीतं लागली की हीच मंडळी निरोप पाठवायची, 'आवाज कमी करा.' गाणारा तोच होता हो! (शांतता)

म्हणून 'कलेला जात नसते' हे वाक्य मला म्हणवत नाही. कॅसेटला चेहरा नसतो, म्हणून ती आत गेली.

मग माझं उत्तर काय? दोन्ही प्रकारची गाणी एकापाठोपाठ ऐका. भीमगीतात कृतज्ञता आहे, विठ्ठलाच्या गाण्यात कष्टकऱ्याची व्यथा आहे, आणि कुठेच सोंग नाही. व्यावसायिक गायकानं पैसे घेऊन गायलं म्हणून ते खोटं होत नाही. आपल्याच माणसांचं दुःख आणि आपल्याच माणसांची सुटका, दोन्ही त्याला ठाऊक होतं. त्यानं दोन्ही गायलं.

इथून जवळच पोहरादेवी आहे. यात्रेत त्यांचं गाणं कानावर पडलं, तर दोन मिनिटं थांबा. देव बाजूला ठेवून फक्त गळा ऐका. आणि सोबत लेकरू असेल तर त्याला गाणाऱ्याचं नाव सांगा, एवढीच विनंती.