सेवा, श्रद्धा आणि घराचा उंबरठा : जर्मनीतील कॅथलिक चर्चच्या सेवा-नियमावलीची चिकित्सा

प्रस्तावना

एखादी धार्मिक संस्था जेव्हा रुग्णालय, शाळा, बालवाडी वा वृद्धाश्रम चालविते, तेव्हा ती एकाच वेळी दोन भूमिका बजावीत असते. पहिली, समान श्रद्धेने बांधलेल्या समुदायाची. आणि दुसरी, वेतन देऊन काम करवून घेणाऱ्या मालकाची. पहिल्या भूमिकेत तिने अनुयायांकडून विशिष्ट आचरणाची अपेक्षा बाळगणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या भूमिकेत मात्र तिचा संबंध प्रामुख्याने कर्मचाऱ्याच्या कामाशी असतो. या दोन भूमिकांमधील सीमारेषा पुसली गेली, की कर्मचाऱ्याने कोणाशी विवाह करावा, कोणासोबत राहावे, घटस्फोटानंतर पुन्हा संसार मांडावा की नाही, हे प्रश्नही सेवाशर्तींचा भाग होऊन बसतात.

या समस्येचा सर्वांत विस्तृत आणि लिखित स्वरूपातील आविष्कार जर्मनीत आढळतो. तेथील कॅथलिक बिशपांनी २२ सप्टेंबर १९९३ रोजी चर्चच्या सेवेतील रोजगारसंबंधांविषयी एक मूलभूत नियमावली स्वीकारली. २०१५ मध्ये तिच्यात दुरुस्ती झाली आणि २०२२ मध्ये ती जवळजवळ नव्याने लिहिली गेली. प्रस्तुत लेखात या नियमावलीतील मध्यवर्ती संकल्पना, तिच्या अंमलबजावणीतून निर्माण झालेले खटले आणि २०२२ च्या बदलाचा अर्थ यांची चिकित्सा केली आहे. ही नियमावली श्रद्धेची साक्ष जपण्यासाठी निर्माण झाली; प्रत्यक्षात मात्र तिने आचरणापेक्षा आचरण उघड होण्यालाच शिक्षा केली आणि त्यामुळे आपल्या मूळ हेतूचाच पराभव केला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

घटनात्मक पार्श्वभूमी

जर्मनीत धार्मिक संस्थांना स्वतःचा कारभार स्वतंत्रपणे पाहण्याचा अधिकार १९१९ च्या वायमार राज्यघटनेच्या १३७ व्या अनुच्छेदाने दिला. सर्वांना लागू असलेल्या कायद्याच्या मर्यादेत हा अधिकार वापरावयाचा होता. १९४९ च्या मूलभूत कायद्याने आपल्या १४० व्या अनुच्छेदाद्वारे ही तरतूद जशीच्या तशी स्वीकारली. नाझी राजवटीने चर्चच्या संस्थांवर आणलेला दबाव ताजा असताना या स्वायत्ततेला विशेष मोल होते, हे विसरता येत नाही.

या स्वायत्ततेचा रोजगाराच्या क्षेत्रातील अर्थ संघीय घटनात्मक न्यायालयाच्या ४ जून १९८५ च्या निर्णयाने निश्चित झाला. न्यायालयासमोरील प्रकरणे दोन होती. एका कॅथलिक रुग्णालयातील डॉक्टरने गर्भपाताच्या कायद्याविषयी चर्चच्या शिकवणुकीशी विसंगत मत जाहीरपणे मांडले होते. आणि एका कॅथलिक युवक-वसतिगृहातील हिशेबनिसाने चर्चचे सदस्यत्व सोडले होते. कर्मचाऱ्याकडून कोणती निष्ठा अपेक्षित आहे हे चर्चने ठरवावयाचे आणि न्यायालयांनी सामान्यतः ते मान्य करावयाचे, असे सूत्र या निर्णयातून पुढे आले. हिशेबनिसाचे काम आकडेमोडीचे होते, धर्मोपदेशाचे नव्हते. तरीही निष्ठेच्या कसोटीतून त्याची सुटका झाली नाही, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

'सेवा-समुदाय' ही संकल्पना

१९९३ च्या नियमावलीचा पाया 'डीन्स्टगेमाइनशाफ्ट' म्हणजे 'सेवा-समुदाय' या संकल्पनेवर आधारलेला आहे. चर्चच्या संस्थेत काम करणारी प्रत्येक व्यक्ती, मग ती कोणत्याही हुद्द्यावर असो, चर्चच्या ध्येयकार्यात सहभागी असते, असे ही संकल्पना मानते. वरवर पाहता हा विचार उदात्त आहे. झाडू मारणाऱ्या आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या कर्मचाऱ्याला तो समान प्रतिष्ठा देतो. परंतु प्रतिष्ठेबरोबर तो जबाबदारीही सारखीच वाटून देतो. स्वयंपाकी वा हिशेबनीस यांचे खाजगी जीवनही मग चर्चच्या विश्वासार्हतेचा विषय ठरते.

नियमावलीने निष्ठेच्या पायऱ्या केल्या होत्या. कॅथलिक कर्मचाऱ्याने श्रद्धा व नीती यांची तत्त्वे मान्य करून पाळावीत; धर्मशिक्षण, आध्यात्मिक सेवा व नेतृत्व यांतील व्यक्तींचे वैयक्तिक जीवनही त्या तत्त्वांची साक्ष देणारे असावे; अन्य ख्रिस्ती कर्मचाऱ्यांनी शुभवर्तमानातील मूल्यांचा आदर करावा; आणि ख्रिस्तेतरांनी चर्चला अभिप्रेत अशा रीतीने काम करण्याची तयारी ठेवावी. चर्चच्या कायद्यानुसार अवैध ठरणारा विवाह, गंभीर नैतिक स्खलन आणि चर्चत्याग या बाबी बडतर्फीस पात्र अशा निष्ठाभंगांत मोडत. समुपदेशन, ताकीद, बदली अशा पायऱ्यांचा विचार आधी करावा, अशीही तरतूद होती. म्हणजे नियमावली विवेकशून्य नव्हती. तिचा दोष अन्यत्र शोधावा लागतो.

हा दोष समजण्यासाठी व्याप्ती ध्यानात घेणे आवश्यक आहे. कॅथलिक चर्च आणि कारितास ही तिची सेवासंस्था मिळून जर्मनीत सुमारे ८ लाख लोकांना रोजगार देतात. प्रोटेस्टंट चर्चची डियाकोनी ही संस्थाही अशीच विशाल आहे. रुग्णालयांचा चालू खर्च मुख्यतः आरोग्य विम्यातून आणि बालवाड्यांचा खर्च मोठ्या प्रमाणात सार्वजनिक निधीतून भागविला जातो. एखाद्या गावातील एकमेव रुग्णालय वा बालवाडी चर्चची असते, तेव्हा 'पटत नसेल तर दुसरीकडे नोकरी करावी' हे उत्तर परिचारिकेच्या वा शिक्षिकेच्या दृष्टीने पोकळ ठरते.

तीन प्रकरणे, एक प्रश्न

एसेन येथील एका कॅथलिक धर्मग्रामात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून ऑर्गनवादक आणि गायनवृंदाचा प्रमुख म्हणून काम करणारा एक संगीतकार १९९४ मध्ये पत्नीपासून विभक्त झाला आणि पुढे नव्या जोडीदारासोबत राहू लागला. आपल्या वडिलांना आणखी एक मूल होणार आहे, असे त्याच्या मुलांनी बालवाडीत सांगितले आणि ती गोष्ट चर्चपर्यंत पोहोचली. १९९८ मध्ये त्याची नोकरी गेली. २३ सप्टेंबर २०१० रोजी स्ट्रासबुर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. सेवाकरारावर सही केली म्हणजे विभक्त झाल्यावर आयुष्यभर ब्रह्मचर्य पाळण्याचे वचन दिले, असा अर्थ काढता येणार नाही. तसेच जर्मन श्रम न्यायालयांनी त्याच्या प्रत्यक्ष कौटुंबिक जीवनाचा विचारच केला नाही, असे या न्यायालयाचे म्हणणे होते. चर्च-संगीतकाराला चर्चबाहेर काम मिळण्याच्या संधी किती तुटपुंज्या असतात, हेही त्याने लक्षात घेतले. २०१२ मध्ये त्याला ४० हजार युरोंची भरपाई देण्याचा आदेश झाला.

त्याच दिवशी त्याच न्यायालयाने दुसऱ्या प्रकरणात नेमका उलट निष्कर्ष काढला. मॉर्मन चर्चच्या युरोपातील जनसंपर्क विभागाच्या संचालकाने विवाहबाह्य संबंधांची कबुली आपणहून धर्माधिकाऱ्याला दिली होती आणि त्यामुळे त्याला काढून टाकण्यात आले होते. तो त्याच संप्रदायात वाढलेला होता, वैवाहिक निष्ठेचे तेथील महत्त्व जाणत होता आणि त्याचे काम संस्थेचा चेहरा म्हणून वावरण्याचे होते. म्हणून बडतर्फी न्यायालयाने ग्राह्य मानली. दोन्ही निर्णय एकत्र वाचले असता एक निकष स्पष्ट होतो : मालकाची श्रद्धा कितीही प्रामाणिक असली, तरी त्या विशिष्ट कामाशी तिचा किती निकटचा संबंध आहे, हे तपासावेच लागते. मात्र यातील एक विसंगतीही नजरेआड करता येत नाही. ज्याने कबुली दिली त्याची नोकरी गेली. मौन पाळले असते तर कदाचित ती टिकली असती.

तिसरे प्रकरण ड्युसेलडॉर्फ येथील कॅथलिक रुग्णालयातील अंतर्गत वैद्यकशास्त्र विभागाच्या प्रमुखाचे आहे. २००० पासून सेवेत असलेल्या या डॉक्टरने घटस्फोटानंतर २००८ मध्ये नोंदणी पद्धतीने दुसरा विवाह केला आणि २००९ मध्ये त्याला काढण्यात आले. विवाहापूर्वी तो त्याच स्त्रीसोबत राहत होता आणि हे व्यवस्थापनाला ठाऊक होते. शिवाय घटस्फोटानंतर पुनर्विवाह केलेले प्रोटेस्टंट डॉक्टर रुग्णालयात समान पदांवर होते. या दोन्ही गोष्टींची दखल घेऊन संघीय श्रम न्यायालयाने २०११ मध्ये बडतर्फी अवैध ठरविली. घटनात्मक न्यायालयाने २०१४ मध्ये चर्चच्या स्वायत्ततेच्या आधारे तो निर्णय रद्द केला. त्यानंतर प्रकरण लक्झेंबर्ग येथील युरोपीय संघाच्या न्यायालयाकडे गेले. रुग्णावर उपचार करण्यासाठी आणि विभाग चालविण्यासाठी विवाहाविषयीची ही धारणा स्वीकारणे आवश्यक दिसत नाही, असे मत त्या न्यायालयाने ११ सप्टेंबर २०१८ रोजी नोंदविले आणि २०१९ मध्ये संघीय श्रम न्यायालयाने अखेर डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला.

साक्ष की झाकपाक?

ड्युसेलडॉर्फच्या प्रकरणातच नियमावलीची मूलभूत विसंगती सर्वाधिक स्पष्टपणे प्रकटते. कॅथलिक नीतिशास्त्रानुसार विवाहाविना सहजीवनही ग्राह्य नाही. तरीही ते खपवून घेतले गेले आणि नोंदणी कार्यालयातील सही मात्र बडतर्फीचे कारण ठरली. म्हणजे नाते अनौपचारिक, अनिश्चित राहिले तर चालेल. परंतु त्याला कायद्याची जबाबदारी आणि जाहीर स्वीकार लाभला, तर चालणार नाही. विवाहसंस्थेचे पावित्र्य जपण्यासाठी निर्माण झालेल्या नियमाने व्यवहारात विवाह न करण्यालाच बक्षीस द्यावे, हा विपर्यास होय.

२०१५ च्या दुरुस्तीने ही विसंगती दूर केली नाही. उलट ती शब्दबद्ध केली. पुनर्विवाह वा समलिंगी व्यक्तींची नोंदणीकृत भागीदारी बडतर्फीस कारण ठरावयाची असेल, तर त्यातून संस्थेत वा परिसरात लक्षणीय क्षोभ निर्माण होणे आवश्यक मानले गेले. धर्मशिक्षण व आध्यात्मिक सेवेतील व्यक्तींबाबत कठोर भूमिका कायम राहिली. अनेकांना या दुरुस्तीने दिलासा मिळाला, हे खरे आहे. परंतु क्षोभ हा निकष मानला, की कर्मचाऱ्याची नोकरी त्याच्या वागणुकीवर नव्हे, तर शेजाऱ्यांच्या जिभेवर अवलंबून राहते.

अशा व्यवस्थेत कर्मचारी काय शिकतो? तो घरातील छायाचित्र कार्यालयात नेत नाही, सहकाऱ्यांशी बोलताना जोडीदाराचा उल्लेख टाळतो, मुलांनी बालवाडीत काय सांगावे याचीही काळजी वाहतो. २४ जानेवारी २०२२ रोजी जर्मनीतील चर्चच्या सेवेतील १२५ व्यक्तींनी आपली समलिंगी वा अन्य लैंगिक ओळख एकत्रितपणे जाहीर केली आणि भीतीशिवाय काम करण्याचा हक्क मागितला. 'साक्ष' या शब्दाचा अर्थ पाहिल्याचे, अनुभवल्याचे उघडपणे सांगणे असा आहे. ज्या नियमाच्या छायेत माणसे वर्षानुवर्षे आपले जीवन लपवितात, तो नियम साक्षीचा राहत नाही. तो झाकपाकीचा होतो.

चर्चचा पक्ष आणि त्याची मर्यादा

चर्चच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही. विवाह अविच्छेद्य आहे असे सांगणाऱ्या समुदायाचे धुरीण वेगळे जीवन जगत असतील, तर त्याच्या शब्दाला वजन राहत नाही. शिवाय श्रद्धेचा आशय कोणता, हे शासनाने वा न्यायाधीशांनी ठरविणे धर्मस्वातंत्र्याला घातक आहे. ही दोन्ही तत्त्वे मान्य करूनही एक प्रश्न शिल्लक राहतो. श्रद्धा काय सांगते हे चर्चने ठरवावे; परंतु क्ष-किरण तंत्रज्ञाच्या वा स्वयंपाक्याच्या कामासाठी ती कितपत आवश्यक आहे, हे केवळ चर्चनेच ठरविल्यास मालक स्वतःच्या खटल्याचा न्यायाधीश होतो. त्यातच अन्य धर्मीयांना तेच काम देताना चर्चने स्वतःच ही अट सोडलेली असते. मनुष्यबळाची निकड असेल तेथे जी अट शिथिल होते, ती कामाची अंगभूत गरज आहे असे म्हणता येत नाही.

२०२२ चा बदल आणि उरलेला प्रश्न

नोव्हेंबर २०२२ मध्ये स्वीकारलेल्या नव्या नियमावलीने दृष्टिकोनच बदलला. संस्थेचे ख्रिस्ती स्वरूप जपण्याची जबाबदारी प्रथमतः मालकाची, म्हणजे संस्थेची आहे, असे तिने मानले. नातेसंबंध आणि खाजगी जीवनाचा गाभा हे कायदेशीर मूल्यमापनाच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले. हा बदल म्हणजे निव्वळ औदार्य नव्हे. श्रद्धेची साक्ष कर्मचाऱ्याच्या शयनगृहातून नव्हे, तर रुग्णाची शुश्रूषा, वृद्धांची देखभाल आणि संस्थेचा न्याय्य व्यवहार यांतून मिळते, याची ती उशिरा दिलेली कबुली आहे.

तथापि चर्चत्यागाविषयीची तरतूद तत्त्वतः कायम आहे. जर्मनीत चर्च सोडणे ही शासकीय कार्यालयात करावयाची नोंद असून तिच्यामुळे चर्च-कराचे दायित्व संपते. कधीच सदस्य नसलेल्या व्यक्तीला ज्या संस्थेची दारे खुली आहेत, तिथे सदस्यत्व सोडणाऱ्याला मात्र ती बंद होऊ शकतात. १९८५ मधील हिशेबनिसाचा प्रश्न अशा रीतीने आजही अनुत्तरित राहिला आहे.

भारतीय संदर्भ

धर्मसंस्थांनी चालविलेल्या शिक्षणसंस्था भारतातही मोठ्या संख्येने असल्यामुळे या चर्चेचा येथील सैद्धांतिक संदर्भ थोडक्यात पाहणे उचित ठरेल. भारतीय राज्यघटनेचा २६ वा अनुच्छेद धर्मसंप्रदायांना धार्मिक बाबींत स्वतःचा कारभार पाहण्याचा हक्क देतो. परंतु २५ वा अनुच्छेद धर्माचरणाशी निगडित आर्थिक व अन्य ऐहिक व्यवहारांचे नियमन करण्याची मुभा शासनाला देतो. १९८६ मध्ये फ्रँक अँथनी पब्लिक स्कूलच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थेचा हक्क मान्य करूनही तेथील शिक्षकांना वेतनादी सेवाशर्तींच्या संरक्षणातून वगळणारी तरतूद अग्राह्य ठरविली. ते प्रकरण खाजगी जीवनाविषयीचे नव्हते. मात्र संस्थेची स्वायत्तता म्हणजे कर्मचाऱ्याच्या हक्कांचा अभाव नव्हे, हे तत्त्व त्यात दिसते.

समारोप

जर्मन नियमावलीच्या तीन दशकांच्या प्रवासातून तीन निष्कर्ष निघतात. एक, धर्मसंस्थेची स्वायत्तता आणि तिचा मालक म्हणून असलेला अधिकार या एकच गोष्टी नव्हेत. दोन, जीवनशैलीची अट प्रत्यक्ष कामाशी निगडित असल्याचे दाखविण्याचा भार ती घालणाऱ्यावर असावा. तीन, कर्मचाऱ्याच्या घरावर नजर ठेवून संस्थेची विश्वासार्हता वाढत नाही. एसेनच्या त्या ऑर्गनवादकाची मुले बालवाडीत जे बोलली ते खरे होते, आणि आनंदाचेही होते. ज्या व्यवस्थेत मुलांचे असे बोलणे वडिलांच्या नोकरीवर बेतते, तिने आपल्या नियमांकडे पुन्हा पाहणे भागच होते.