लांडगे पुरेत, विसरायचं बोला

लांडगा, देवमासा, वटवाघूळ, काजवा. ठाणे ते कल्याण पट्ट्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचे प्रकल्प चाळले, की यांतला एखादा प्राणी मुखपृष्ठावर हटकून भेटतो. आत तेच जुनं शोधाचं गणित. चलांना फक्त शिकारीची नावं दिलेली. संशोधक सोरेन्सनने २०१५ साली या उद्योगाची लक्तरं वेशीवर टांगली होती. पुढे २०२३ मध्ये खुद्द मुंगी-अल्गोरिदमचा जनक मार्को डोरिगो आणि सहकाऱ्यांनी असे सहा प्राणी तपासून त्यांतलं नावीन्य पोकळ असल्याचं दाखवलं. आपल्याकडची पैदास थांबलेली नाही. थव्यांबद्दल एवढंच सांगतो: ऐरोलीच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंचे फोटो जोडल्याने रेनॉल्ड्सने १९८७ मध्ये थव्यांसाठी मांडलेल्या तीन नियमांत चौथ्याची भर पडत नाही. कृत्रिम प्रतिकारशक्तीवरचे प्रबंध वाचावेत आणि मिटून ठेवावेत.

माझा जीव रमतो तो विसरण्याची सोय करणाऱ्या रचनांत. गॉस आणि दनूबूर यांचा १९८९ चा पुलाचा प्रयोग आठवा. अर्जेंटिनी मुंग्यांना आधी फक्त लांबची वाट दिली आणि ती रुळल्यावर आखूड वाट उघडली. मुंग्या लांबच्याच वाटेने जात राहिल्या, कारण वाटेवर सोडलेला फेरोमोनचा गंध उडायच्या आत प्रत्येक खेपेला नवा थर चढत होता. डोरिगोने आपल्या कृत्रिम मुंग्यांच्या फेरोमोनचं बाष्पीभवन मुद्दाम वाढवलं. म्हणजे या पद्धतीचा सर्वांत कामाचा भाग निसर्गाची नक्कल सोडल्यावर हाती लागला! प्रकल्पांत मात्र हा बाष्पीभवनाचा गुणांक ०.५ असतो; का, ते विचारलं की शांतता.

गॉसिप प्रोटोकॉलचं तेच. झेरॉक्स पार्कमध्ये ॲलन डेमर्स आणि मंडळींनी १९८७ मध्ये माहितीच्या प्रती एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर साथीच्या रोगासारख्या पसरवल्या. पसरवणं सोपं निघालं, पुसणं अवघड. डोंबिवलीतल्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘उद्या पाणी नाही’ हा मेसेज पाठवणाऱ्याने काढून टाकला, तरी तो आधीच पुढे ढकलून मोकळा झालेला कुणीतरी असतोच. दोन दिवसांनी तोच मेसेज तिसऱ्या ग्रुपवरून परत येतो. पुसताना बंद असलेला सर्व्हर जागा झाला की असंच करतो. म्हणून डेमर्सने नोंद नुसती पुसली नाही, तिचा मृत्यूचा दाखलाही सगळीकडे फिरवला. अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक यांनी फेसबुकमध्ये घडवलेल्या कॅसँड्रा या डेटाबेसमध्ये हा दाखला ‘टूम्बस्टोन’ नावाने राहतो, मुळातली मुदत दहा दिवस. त्याहून जास्त काळ बंद पडलेला सर्व्हर दुरुस्तीविना परत घेतला, तर पुसलेली नोंद जिवंत होऊ शकते. कुठल्या साथीने असा दाखला काढला होता?

तरीही सगळ्याला जैवप्रेरणेचं लेबल हवं. इंटरनेटवरची कोंडी आवरण्याची व्हॅन जेकबसनची पद्धत १९८८ ची, आणि तीत मुंगी औषधालाही नाही. दाणे गोळा करणाऱ्या मुंग्या तसंच काही करतात, हे डेबोरा गॉर्डन आणि बालाजी प्रभाकर यांनी २०१२ मध्ये दाखवलं. क्रम उलटा आहे, मंडळी!

आणि प्राण्याचं नाव घेऊन होतं काय? तीन हात नाक्याच्या सिग्नलवरचा प्रकल्प स्वतःला मुंग्यांचं वारूळ म्हणवतो आणि त्यातली प्रत्येक मुंगी एकाच सर्व्हरला विचारून पाय उचलते. हे स्वयंसंघटन नव्हे, हे मंत्रालय आहे. तोंडी परीक्षेत परीक्षकाने तो सर्व्हर बंद करावा, चहा घेऊन यावं आणि मग सिग्नल काय करताहेत ते बघावं. चालत असतील तर पूर्ण गुण द्यावेत, मुखपृष्ठावर झुरळ असलं तरी. आणि मार्गदर्शकांनी ‘यंदा नवीन प्राणी कोणता?’ हा प्रश्न विचारणं या जूनपासूनच बंद करावं.