धन्यावरचा धनी : झाशीच्या राजाची दोन चित्रे

झाशीच्या लक्ष्मी गेटबाहेर, लक्ष्मी तलावाजवळ, गंगाधरराव नेवाळकरांची छत्री आहे. वृंदावनलाल वर्मा यांच्या ‘झाँसी की रानी लक्ष्मीबाई’ (१९४६) या लोकप्रिय हिंदी कादंबरीत हा राजा रंगभूमीचा रसिक, तरीही कठोर शिक्षा देणारा धनी म्हणून येतो. त्याचे क्रौर्य तेथे बहुधा स्वभावविशेष ठरते आणि त्यामुळे राणीची करुणा अधिक उठून दिसते. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये (प्रकाशन १९०७) मात्र निराळे सूत्र आढळते. गोडसे झाशीत आले ते राजाच्या मृत्यूनंतर (१८५३). त्यामुळे त्यांचे हे कथन ऐकीव होय. स्त्रीवेशाविषयी विचारणा झाली असता, इंग्रजांपुढे सारेच संस्थानिक बांगड्या भरून बसले आहेत, अशा आशयाचे राजाचे उत्तर ते नोंदवितात. येथे प्रजेला धाक घालणारा धनी स्वतःच ताबेदार आहे. जुलमी धन्याचे पात्र केवळ दुष्ट स्वभावातून रंगविले, की वाचकाच्या संतापाला लक्ष्य मिळते. परंतु जुलमाची उतरंड नजरेआड होते. म्हणून अशा पात्रांच्या तुलनेत त्यांच्या क्रौर्याइतकीच त्यांची ताबेदारीही तपासणे अगत्याचे ठरते.