नकाराचे मापन : बालकांच्या ठामपणाच्या श्रेणीचा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

मुलांच्या ठामपणाचे मापन करण्यासाठी लॅरी मायकेलसन व रँडी वुड यांनी १९८२ मध्ये एक मापनश्रेणी प्रसिद्ध केली. मराठी मुलांसाठी ती वापरताना उद्भवणाऱ्या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

श्रेणीचे स्वरूप

श्रेणीत २७ प्रसंग असून प्रत्येकास पाच पर्याय आहेत. अतिशय दबलेल्या उत्तरास उणे २, अतिशय आक्रमक उत्तरास अधिक २ आणि ठाम उत्तरास शून्य गुण मिळतात. आक्रमकता म्हणजे ठामपणा नव्हे, हा भेद स्पष्ट करणे हे या श्रेणीचे श्रेय होय. मात्र चिन्हांसह बेरीज केल्यास शिक्षकांपुढे गप्प राहणारा व धाकट्या भावावर खेकसणारा मुलगाही शून्याजवळ पोहोचेल. म्हणून उणे व अधिक गुण स्वतंत्रपणे वाचणे अगत्याचे ठरते.

चिकित्सा

इंग्रजीत समोरच्या व्यक्तीसाठी एकच सर्वनाम पुरते. मराठीत ‘तू’ की ‘तुम्ही’ हे भाषांतरकारास आधी ठरवावे लागते. मैत्रिणीला ‘नाही देणार’ असे सुनावणारी मुलगी काकांना ‘आईला विचारून सांगते’ म्हणते. ‘करणार नाही’ याऐवजी ‘जमणार नाही’ म्हणताना मूल अनिच्छेला असमर्थतेचे रूप देते. हेही नकारच आहेत. त्यांना सरसकट दबलेपणाचे गुण देणे म्हणजे शिष्टाचारालाच दोष ठरविणे होय. उलट, प्रत्येक सौम्य उत्तर ठाम मानल्यास खरी अगतिकता झाकली जाईल. आपल्याकडे पहिल्या नकारानंतर आग्रह होतोच. तो झाल्यावर नकार टिकतो का, हा खरा निकष असावा. एकाच उत्तरावर थांबणारी प्रश्नावली तो तपासू शकत नाही.

या गुणांचा अन्वयार्थ लावतानाही सावधगिरी हवी. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील बालकाची संमती ग्राह्य धरली जात नाही. साहजिकच अत्याचारित मुलाने नकार का दिला नाही, असा प्रश्न कमी ठामपणाच्या आधारे उपस्थित करणे अन्यायाचे आहे. जबाबदारी प्रौढाचीच राहते.

समारोप

वर्गात शिक्षकांच्या देखरेखीखाली भरून घेतलेली प्रश्नावली ही स्वतःच एक विनंती असते. ती कोरी परत करणाऱ्या मुलाची नोंद ‘अपूर्ण’ म्हणून विश्लेषणातून वगळली जाते. नकार मोजणाऱ्या संशोधकाने निदान हा नकार तरी मोजावा.